उभ्या मोटारीतील वीज

१२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाच वेळी कोसळला. दिवस करोनाचे होते. सीवूड्सच्या उंच इमारतींत राहणाऱ्या वाचकांना त्या दिवसाची आठवण करून द्यायला नको. अशा वेळी पार्किंगमध्ये उभी असलेली विद्युत मोटार हा विजेचा साठाच असतो, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विद्युत आवृत्तीचे उदाहरण घेऊ. तिच्या मोठ्या बॅटरीची क्षमता ४०.५ किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत सुमारे ४० युनिट. बॅटरीतील दिष्ट धारा इन्व्हर्टर २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेत बदलतो आणि मोटारीला जोडणी लावून बाहेरचे उपकरण चालवता येते. ही सोय प्रत्येक मोटारीत नसते, माहितीपुस्तिका पाहावी.

आता गणित मांडू. पाच लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेते. दहा तासांना साडेतीन युनिट. दोन पंखे व दोन दिवे धरले तरी रात्रीचा हिशेब सहा युनिटांत आटोपतो. मात्र एका वेळचा भार तीन-साडेतीन किलोवॅटपलीकडे जाऊ नये. एसी आणि गिझर एकत्र चालवण्याचा मोह टाळावा.

मार्च २०११ च्या भूकंपानंतर जपानने हा विचार गांभीर्याने केला आणि २०१२ मध्ये निस्सानने लीफ मोटारीतून घराला वीज देणारी व्यवस्था आणली. त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा लागते. आपल्याकडे काही उत्साही मंडळी मोटारीची वायर थेट घराच्या सॉकेटमध्ये खुपसतात. ही वीज उलटी वाहिनीत शिरते, रोहित्रातून तिचा दाब वाढतो आणि बंद समजून तारेला हात लावणारा लाइनमन प्राणाला मुकू शकतो. दुरुस्ती करणाऱ्याचाच बळी! उपकरण मोटारीलाच जोडावे.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना (१९४२-४६) वीज हा विषयही त्यांच्याकडे होता; मुबलक आणि स्वस्त वीज हा त्यांचा आग्रह होता. चौदाव्या मजल्यावरील रुग्णापर्यंत पार्किंगमधून वायर पोहोचत नाही आणि लिफ्टही बंद असते. म्हणून तळमजल्यावरची एक खोली, जाड वायर आणि अशा रुग्णांची यादी सोसायटीने आधीच तयार ठेवावी, असे आम्हांस वाटते.