महामारीच्या काळातील वाहतूक-व्यवसाय आणि शासकीय साहाय्य

वाहतूक आणि पर्यटन हे व्यवसाय एका बाबतीत इतर उद्योगांहून वेगळे आहेत. कारखान्यात न विकला गेलेला माल गोदामात राहतो आणि पुढे-मागे विकता येतो. परंतु रिकामी गेलेली बसमधील जागा, न झालेली रिक्षाची फेरी किंवा पर्यटकांविना सरलेला हंगाम कोणत्याही गोदामात साठविता येत नाही. त्या दिवसाचे उत्पन्न त्या दिवसाबरोबरच संपते. वाहनाच्या कर्जाचा हप्ता, विम्याचा भरणा आणि कर मात्र थांबत नाहीत.

कोविड-१९ च्या महामारीने ही गोष्ट सर्वांच्या प्रत्ययास आणून दिली. २२ मार्च २०२० पासून प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली आणि देशांतर्गत विमानसेवा २५ मे पर्यंत बंद राहिली. राज्यात एस.टी.ची आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्ट २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पूर्ववत होण्यास तर २७ मार्च २०२२ उजाडावा लागला. या काळात शासनाने वाहतूक-व्यवसायाला कोणत्या मार्गांनी हात दिला, तो कोणापर्यंत पोहोचला आणि कोण त्यापासून दूर राहिले, याचा अभ्यास पुढील आपत्तीच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल.

साहाय्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग सवलतीचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ३० मार्च २०२० रोजी सूचना काढून, १ फेब्रुवारीनंतर मुदत संपलेली वाहनांची व चालकांची कागदपत्रे ग्राह्य धरण्यास सांगितले. ही मुदत टप्प्याटप्प्याने वाढत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत गेली. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२० मध्ये निर्णय घेऊन, वार्षिक कर भरणाऱ्या प्रवासी व मालवाहू व्यावसायिक वाहनांना १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२० या सहा महिन्यांचा मोटार वाहन कर माफ केला. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातील कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली.

हप्ता पुढे ढकलणे आणि हप्ता माफ होणे यांतील भेद पुष्कळांच्या ध्यानात आला नाही. समजा, एखाद्या जीपमालकाचे पाच लाख रुपयांचे कर्ज दहा टक्के व्याजाने शिल्लक आहे. सहा महिने हप्ते थांबविले तरी सुमारे पंचवीस हजार रुपये व्याज चढतच राहते. पुढे दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवरील व्याजावरचे व्याज केंद्र शासनाने सोसले. मूळ व्याज मात्र कर्जदाराकडेच राहिले. सवलतीने श्वास घेण्यास अवसर मिळतो, देणे मिटत नाही.

दुसरा मार्ग कर्जहमीचा. मे २०२० मध्ये लघुउद्योगांसाठी जाहीर झालेली आपत्कालीन कर्जहमी योजना मार्च २०२१ मध्ये पर्यटन, प्रवास व उपाहारगृह-व्यवसायांना अधिक उदारपणे लागू झाली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी शिल्लक असलेल्या कर्जाच्या ४० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज हमीसह मिळण्याची सोय त्यात होती. २८ जून २०२१ रोजी मान्यताप्राप्त पर्यटक मार्गदर्शकांना एक लाखापर्यंत आणि मान्यताप्राप्त प्रवास-संस्थांना दहा लाखांपर्यंत हमी-कर्जाची योजना केंद्र शासनाने जाहीर केली. ज्याचे बँकेत आधीच खाते व कर्ज आहे, अथवा ज्याच्याजवळ मान्यतेचे पत्र आहे, त्याला हा मार्ग मोकळा होता.

तिसरा मार्ग प्रत्यक्ष पैशांचा. एस.टी. महामंडळाचे प्रवासी-उत्पन्न आटल्याने कर्मचाऱ्यांचे वेतन थकले, तेव्हा राज्य शासनाने २०२० च्या उत्तरार्धात एक हजार कोटी रुपयांचे विशेष साहाय्य जाहीर केले. एस.टी.नेही या काळात मोठी सेवा बजावली. मे २०२० मध्ये परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत विनामूल्य पोहोचविण्यात आले आणि त्याच महिन्यात महामंडळाने मालवाहतुकीस आरंभ केला. १३ एप्रिल २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेतील निर्बंध जाहीर करताना, राज्य शासनाने ५,४७६ कोटी रुपयांची एकत्रित तरतूद घोषित केली. तीत परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी १,५०० रुपये देण्याचा समावेश होता. अर्ज ऑनलाइन मागविण्यात आले आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा करण्याची पद्धत ठेवण्यात आली.

परवाना कोणाचा आणि हात कोणाचा?

१,५०० रुपयांची रक्कम कित्येक आठवडे बुडालेल्या उत्पन्नापुढे अल्प होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु रकमेहूनही अधिक विचार करण्यासारखा प्रश्न ती कोणाला मिळाली, हा आहे.

१३ एप्रिलच्या त्या घोषणेतील शब्द पाहावेत : अधिकृत फेरीवाले, नोंदणीकृत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरेलू कामगार, परवानाधारक रिक्षाचालक. प्रत्येक नावामागे एक विशेषण आहे आणि प्रत्येक विशेषणामागे कोठेतरी ठेवलेली एक नोंदवही आहे. तातडीच्या वेळी शासनाला नवी मोजणी करीत बसता येत नाही. हाताशी असलेल्या यादीवरच विसंबावे लागते.

प्रादेशिक परिवहन कार्यालयात रिक्षा-व्यवसायासंबंधी दोन वेगवेगळ्या नोंदी असतात. व्यवसायाचा परवाना वाहनमालकाच्या नावे असतो. वाहन चालविण्याचे लायसन्स व बिल्ला चालकाच्या नावे असतो. मालक स्वतःच रिक्षा चालवीत असेल तर दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या ठरतात. परंतु दररोज ठरावीक भाडे मालकाला देऊन दुसऱ्याची रिक्षा चालविणारे चालक शहरांतून व तालुक्याच्या गावांतून पुष्कळ आहेत. टाळेबंदीत रोजची मिळकत यांचीच बुडाली. परवान्याच्या यादीत मात्र त्यांचे नाव नव्हते. करमाफीचा लाभही प्रथम वाहनाच्या मालकालाच पोहोचतो.

इतर राज्यांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे शोधली. दिल्ली शासनाने एप्रिल २०२० मध्ये पाच हजार रुपयांची मदत देताना सार्वजनिक वाहन चालविण्याचा बिल्ला हा आधार मानला. २०२१ मध्ये बिल्लाधारक व परवानाधारक या दोहोंचा समावेश केला. आंध्र प्रदेशात २०१९ पासून स्वतःचे वाहन स्वतः चालविणाऱ्यांना वर्षाला दहा हजार रुपये देण्याची योजना होती. तिची यादी व खाती तयार असल्यामुळे २०२० चा हप्ता ऑक्टोबरची वाट न पाहता जूनमध्येच देता आला. कर्नाटकाने मे २०२० मध्ये रिक्षा व टॅक्सीचालकांना पाच हजार रुपये जाहीर करून ऑनलाइन अर्ज मागविले. आंध्रच्या उदाहरणावरून एक धडा स्पष्ट होतो : आपत्तीपूर्वी केलेली यादी आपत्तीत वेळ वाचविते.

कोणत्याच यादीत नसलेले

ग्रामीण महाराष्ट्राचा विचार करता हा प्रश्न अधिकच गहिरा होतो. वडापच्या जीपवर रोजंदारीने जाणारा चालक, ट्रकवरचा क्लीनर, शाळेच्या मुलांची ने-आण करणारा व्हॅनचालक, किल्ल्यावर पर्यटकांना वाट दाखविणारा गावातील तरुण, कोकणातील लहान निवास-न्याहारी चालविणारी गृहिणी, हे सर्व प्रवासी-व्यवसायाचेच घटक आहेत. माथेरानसारख्या ठिकाणी मोटारींना मज्जाव असल्याने पर्यटकांची वाहतूक घोडेवाले व हातरिक्षा ओढणारे श्रमिक करीत आले. परिवहन कार्यालयाच्या वाहन-परवान्यांच्या यादीत त्यांना स्थान असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. केंद्राची मार्गदर्शकांसाठीची योजना मान्यताप्राप्त अशा सुमारे १०,७०० मार्गदर्शकांना उद्देशून होती. गावोगावच्या वाटाड्यांच्या हाती मान्यतेचा असा कागद सहसा नसतो.

शिक्षक-वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे की, शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यामुळे विद्यार्थी-वाहतूक करणाऱ्यांचा व्यवसाय बराच उशिरा सुरू झाला. शाळेला त्यांची नावे, वाहने व मार्ग ठाऊक असतात. मात्र ही माहिती शाळेच्या कागदांतच राहिली, तर मदतीच्या वेळी तिचा उपयोग होत नाही.

स्थानिक पातळीवर काय करता येईल?

महामारीनंतर नोंदणीच्या दिशेने काही पावले पडली आहेत. २६ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र शासनाने असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू केली. १६ ते ५९ वर्षे वयाच्या असंघटित कामगाराला तीत आधारच्या साहाय्याने विनामूल्य नाव नोंदवून बारा अंकी क्रमांक मिळविता येतो. भाड्याने रिक्षा चालविणारा, क्लीनर, वाटाड्या, घोडेवाला या सर्वांना तेथे स्थान आहे. राज्यातही २०२४ मध्ये ऑटोरिक्षा व मीटर टॅक्सीचालकांसाठी कल्याणकारी मंडळ स्थापन करण्यात आले.

योजना आहे म्हणजे नोंद झाली, असे मात्र नव्हे. या कामी ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक, शिक्षक व परिवहन अधिकारी पुढील गोष्टी सहज करू शकतील :

१. गावातील वाहतूक व पर्यटनावर उपजीविका करणाऱ्यांची यादी करून ती वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे तपासावी. यादीत मालक, स्वतः चालविणारा मालक आणि भाड्याने चालविणारा असे स्वतंत्र रकाने असावेत. आधार क्रमांक व खात्याचे तपशील जाहीर वाचनात येऊ नयेत.

२. चालकांचे लायसन्स व बिल्ला यांची मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाची आठवण द्यावी.

३. बँक खाते आधारशी जोडलेले आहे काय आणि नोंदविलेला मोबाइल क्रमांक चालू आहे काय, हे प्रत्येकाने तपासून घ्यावे. क्रमांक बदलला की परवलीचा संदेश येत नाही आणि अर्ज तेथेच अडतो.

४. ज्यांना ऑनलाइन अर्ज भरता येत नाही, त्यांच्यासाठी शाळेत अथवा पंचायत कार्यालयात ठरावीक दिवशी साहाय्य-केंद्र चालवावे.

५. हप्ता लांबणीवर टाकण्याची योजना आल्यास तिच्यातील व्याजाचा हिशेब कर्जदाराला समजावून सांगावा.

यांपैकी कोणत्याही कामास मोठा निधी लागत नाही. सातत्य मात्र लागते. संकट कोसळल्यावर तयार केलेली यादी घाईची असते. तीत ओळखीचे आधी शिरतात आणि ज्याला गरज अधिक तो बहुधा मागे राहतो. शांत काळात, ग्रामसभेच्या डोळ्यांदेखत केलेल्या नोंदीला तो दोष सहसा लागत नाही.

साहाय्याची रक्कम किती असावी, याचा निर्णय राज्याच्या तिजोरीकडे पाहून वरिष्ठ पातळीवर होतो. ते साहाय्य दुसऱ्याची रिक्षा चालविणाऱ्याच्या घरी पोहोचेल की नाही, हे मात्र त्याच्या गावातील नोंदवहीवर पुष्कळ अंशी अवलंबून राहील. ही नोंदवही आज उघडणे गावाच्या हातात आहे.