पहिल्या रात्री फोन कोण उचलणार?

दोन बाळंतपणांनंतर पोटाखाली साठलेली चरबी काही केल्या उतरेना, म्हणून मी लायपोसक्शन करून घेतलं. आता ओळखीतली कुणी चौकशीला आली की मी तिला आधी ऑपरेशननंतरच्या रात्रीबद्दल विचारून घ्यायला सांगते.

मला संध्याकाळीच घरी सोडलं होतं. मध्यरात्री कूस बदलली तर चादर ओलीचिंब. पोटावरच्या बारीक छेदांमधून गुलाबी पाणी झिरपत होतं. नवरा एकामागून एक टॉवेल लावत होता, मुलं उठून दारात उभी होती आणि क्लिनिकचा फोन वाजून वाजून बंद होत होता. खरं तर यात घाबरण्यासारखं नव्हतं. चरबी ओढण्याआधी त्वचेखाली सलाइन, लिडोकेन आणि रक्तस्राव रोखणारं अ‍ॅड्रेनलिन भरतात. त्यातलं उरलेलं पाणी एक-दोन दिवस असं बाहेर येतं. पण हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे ऑपरेशननंतर पोटाला बांधलेला घट्ट पट्टा पहिल्यांदा सोडला तेव्हा डोळ्यांसमोर अंधारी आली. सासूबाईंनी धरलं म्हणून पडले नाही. पट्टा पलंगावर बसून, काहीतरी खाऊन, कुणाला तरी जवळ ठेवूनच सोडावा. मग एका बाजूला पाणी साठलं, ते सुईने काढावं लागलं.

हे सगळं निभावलं. धाप लागणं, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज येणं, ताप, वाढत जाणारी पोटदुखी यांत मात्र सकाळची वाट पाहायची नसते. तडक मोठं हॉस्पिटल गाठायचं. रक्ताची गुठळी किंवा चरबीचे कण फुप्फुसात अडकू शकतात, क्वचित आतड्याला इजा होते. मे 2022 मध्ये बेंगळुरूत कन्नड मालिकांतली चेतना राज चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. अवघी 21 वर्षांची पोर.

म्हणून पैसे भरण्याआधी खोदून विचारा. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू आहे का? भूलतज्ज्ञ किती वेळ थांबणार? तिथे आयसीयू नसेल तर पेशंटला कुठे हलवणार? पाच लिटर किंवा त्याहून जास्त काढायचं ठरत असेल तर रात्रभर हॉस्पिटलातच राहण्याचा आग्रह धरा. या प्रश्नांची उत्तरं सर्जनकडूनच घ्या. पॅकेज समजावणाऱ्या काउन्सेलर ताई कितीही गोड बोलल्या, तरी हे त्यांचं काम नव्हे. गर्भनिरोधक गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, आयुर्वेदिक काढे, जे काही घेत असाल ते सगळं सर्जनला सांगा. तंबाखू-मिस्री असेल तर तीही.

वजन उतरवायला हा उपाय नाही. बारीक नळीने त्वचेखालची चरबी निघते. आतड्यांभोवतीची, मधुमेहाशी जास्त संबंध असलेली चरबी जागच्या जागी राहते. सैल पडलेली कातडीही आवळली जात नाही. माझी अजून लोंबतेच, आणि त्यासाठी टमी टक हे वेगळं ऑपरेशन लागतं. सूज पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने जातात, म्हणून पुढच्या महिन्यातल्या लग्नासाठी कुणी घाईने तारीख घेऊ नये. हेल्थ इन्शुरन्स सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च सहसा देत नाही, त्यामुळे पुन्हा दाखल व्हावं लागलं तर लागणारे पैसे वेगळे काढून ठेवावेत.