न मोजता आलेला आकडा

प्रश्न : वार्षिक तपासणीच्या अहवालात माझ्या ‘धमन्यांचे वय’ ६६ आले. मी ५८चा आहे. तपासले फक्त बीपी, वजन, साखर, कोलेस्टेरॉल. मग हे कळले कसे?

उत्तर : कळले नाही, अंदाज बांधला. खऱ्या मोजणीत मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीवर सेन्सर ठेवून ठोक्याची लाट किती वेगाने जाते ते पाहतात. धमनी जितकी ताठर, तितकी लाट वेगवान. सेकंदाला १० मीटरच्या वर वेग गेला की धोका वाढलेला मानतात. अशी मोजणी झालेल्यांचे वय, बीपी, साखर आणि मोजलेला वेग संगणकातल्या मॉडेलला दिला, की ते त्यांतले नाते शिकते आणि तुमच्या आकड्यांना लावून वेगाचा, त्यावरून ‘वया’चा अंदाज देते. गोम अशी, की यात बहुतेक काम वय आणि रक्तदाबच करतात. केवळ त्या दोहोंवरून वेग काढणारे सूत्र आधीपासून आहेच. म्हणजे पुष्कळदा मॉडेल तुमचाच बीपी तुम्हाला नव्या वेष्टनात परत देते. ते कुठल्या लोकांवर शिकले, हेही लॅबला विचाराच.

या आकड्यावरून गोळी सुरू करू नका, चालू असलेली बंदही करू नका. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी बीपी मोजून नोंदी डॉक्टरांना दाखवा. वरच्या-खालच्या आकड्यांतला फरक सतत ६०च्या पुढे असेल, तर तो आवर्जून सांगा.