अपुऱ्या दिवसांच्या बालकातील महारोहिणी-संकोच

बारडोलीचे नाव १९२८ च्या सत्याग्रहामुळे सर्वश्रुत आहे. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात या परिसरात नंदुरबार, धुळे व डांग भागांतून ऊसतोड कुटुंबे मोठ्या संख्येने येतात. कोयत्याच्या जोडीतील स्त्री गरोदर असली तरी पुष्कळदा तिचे काम सुटत नाही, आणि पालातच अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मास येते. अशा बालकाच्या एका हृदयविकाराची माहिती येथे देत आहोत.

हृदयातून निघून सर्व शरीरास शुद्ध रक्त पुरविणारी मुख्य वाहिनी म्हणजे महारोहिणी. डोके व हात यांना शाखा दिल्यानंतर ती खाली वळते, त्या ठिकाणी काही बालकांत ती जन्मतःच अरुंद असते. गर्भावस्थेतील एक जोडवाहिनी तेथेच मिळते. ती उघडी असेपर्यंत शरीराच्या खालच्या भागास रक्त मिळत राहते व मूल निरोगी भासते. ती मिटू लागली की मूल दूध ओढत नाही, धापा टाकते, लघवी कमी होते, पाय गार पडतात. पूर्ण दिवसांच्या मुलात हे बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत घडते. अपुऱ्या दिवसांच्या मुलात जोडवाहिनी उशिरा मिटत असल्याने लक्षणेही उशिरा दिसू शकतात. म्हणून ‘जन्मताना ठीक होते’ या वाक्यावर कोणी विसंबू नये.

ओळखण्याची खूण साधी आहे. हाताची नाडी चांगली लागते, जांघेतील नाडी मंद लागते किंवा लागतच नाही. बोटास लावावयाच्या प्राणवायुमापकाने हा दोष निसटू शकतो. जांघेवर ठेवलेले बोट अधिक भरवशाचे.

प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून देऊन जोडवाहिनी उघडी ठेवता येते. त्यामुळे मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यास अवधी मिळतो. अरुंद भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया स्वीडनमध्ये क्राफोर्ड यांनी १९४४ मध्ये प्रथम केली, आणि नवजात बालकात आजही तीच प्रमुख उपाययोजना होय. परंतु दीड किलो वजनाच्या बालकाची वाहिनी काडीएवढी व नाजूक. अशा वेळी शस्त्रक्रियेचा धोका वाढतो.

तेथे कॅथेटर उपयोगी पडतो. जांघेतील किंवा मानेतील रोहिणीतून ही बारीक नळी क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत अरुंद भागापर्यंत नेतात आणि टोकावरील फुगा फुगवितात. तान्ह्या बालकातील असा उपचार १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. फुग्याने रुंद केलेला भाग पुन्हा आकसण्याची शक्यता बरीच असते, म्हणून काही केंद्रांत प्रौढांच्या हृदयरोहिणीसाठी असलेली लहान जाळी, म्हणजे स्टेंट, बसवितात. जाळी मुलाबरोबर वाढत नाही. वजन वाढल्यावर शस्त्रक्रियेने ती काढून वाहिनी दुरुस्त करावी लागते. नळी घातलेल्या पायाचा रक्तप्रवाह अडण्याचाही धोका असतो. थोडक्यात, हा उपचार मुलाला वाढावयास वेळ मिळवून देतो, एवढेच त्याचे काम. पालकांना हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे.

आशा कार्यकर्तीच्या ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवसांच्या गृहभेटींत पालावरील मूल सुटता कामा नये. धाप व गार पाय आढळताच १०८ क्रमांकास कळवावे. वाटेत मूल आईच्या अंगाशी उबदार ठेवावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११) आजारी नवजात बालकास शासकीय रुग्णालयातील उपचार व वाहन विनामूल्य आहे. परराज्यातून आलो म्हणून मुकादमाने किंवा कुटुंबाने संकोच करू नये.

हंगाम संपल्यावर कुटुंब गावी परतते आणि पुढील तपासणी खंडते. रुग्णालयाचे कागद गुजरातीत असतील तर निघण्यापूर्वी इंग्रजी किंवा मराठी सारांश मागून घ्यावा व गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. पुढे शाळेत दाखल झाल्यावरही या मुलाचा रक्तदाब उजव्या हातावर व पायावर मोजला जाईल, याकडे शिक्षकांनी आरोग्य तपासणी पथकाचे लक्ष वेधावे.