सिलिकॉनचा साचा : केकचा वेगळा, रेझिनचा वेगळा

केकवरची फुले आणि नक्षी सिलिकॉनच्या साच्यात घडवतात. तशाच साच्यात रेझिन ओतून कीचेन व नावाच्या पाट्याही होतात. अनेक घरांत ही दोन्ही कामे एकाच टेबलावर चालतात. धोका तिथेच आहे. रेझिन व हार्डनरचा अंश साच्यात मुरतो, तो धुऊन जात नाही. म्हणून एकदा रेझिन ओतलेला साचा खाण्याच्या कामी कधीही वापरू नये. दोन्हींचे डबे वेगळे ठेवावेत, साच्यांवर खूण करावी.

केकसाठी : 'फूड ग्रेड' लिहिलेलाच साचा घ्यावा. आत थोडे कॉर्नफ्लोअर भुरभुरून फाँडंट दाबून भरावे, १०-१५ मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावे, मग साचा मागे वाकवून नक्षी सोडवावी. तयार फाँडंटमध्ये जिलेटिन असू शकते. ते हलाल आहे का, याची खात्री करावी.

रेझिनसाठी : रेझिन व हार्डनरचे प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणेच घ्यावे. अंदाजाने घेतल्यास माल चिकट राहतो. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

हिशोब : रेझिनमुळे साचा हळूहळू झिजतो व फाटतो. ३०० रुपयांच्या साच्यातून ३० नग निघाले, तर प्रत्येक नगावर साच्याचे १० रुपये धरावेत. हे न धरल्यास नफा कागदावरच राहतो.

साचा कोणता वापरला, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, अल्लाहला दिसते. गिऱ्हाइकाचा भरवसा ही आपल्याकडील अमानत आहे.