रानडुकराचा बाण

बाणाने केलेली शिकार बंदुकीच्या शिकारीहून मुळातच वेगळी असते. गोळी आपल्या प्रचंड वेगाने मांस आणि हाडे छिन्न करते. बाणाचा वेग त्या मानाने फारच थोडा. म्हणून त्याचे काम धारेने व्हावे लागते. पाते फुप्फुसापर्यंत किंवा एखाद्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचले तरच जनावर पडते, आणि तेही बहुधा तत्काळ नव्हे. मधल्या वेळात ते जखम घेऊन पळते. बाण कसा असावा, या प्रश्नाचे मर्म या मधल्या वेळात आहे.

प्रथम वजनाचा विचार करावा लागतो. तेच धनुष्य तितकेच ओढून दुप्पट वजनाचा बाण सोडला, तर त्याचा वेग निम्मा होत नाही. धनुष्याने दिलेली ऊर्जा तेवढीच मानली तर वेग सुमारे 71 टक्के उरतो, आणि वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, म्हणजे संवेग, सुमारे 1.4 पट होतो. प्रत्यक्षात जड बाण धनुष्यातील ऊर्जा थोडी अधिकच उचलतो. कातडे व स्नायू भेदून खोल शिरण्यास हा संवेग उपयोगी पडतो. जड बाण लवकर खाली झुकतो हे खरे. उघड्या माळावर तो मोठाच दोष ठरेल. परंतु जेथे काही पावलांपलीकडचे दिसतच नाही, अशा दाट अरण्यात त्याची फारशी क्षिती बाळगण्याचे कारण नाही.

ग्रेट अंदमानचे अरण्य असेच होते. तेथील रहिवाशांची शस्त्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ई. एच. मॅन या अधिकाऱ्याने आणि पुढे 1906 ते 1908 या काळात रॅडक्लिफ-ब्राउन या मानवशास्त्रज्ञाने बारकाईने पाहिली. त्यांच्या बाणांना पिसे नसत. माशांच्या बाणाला बांबूची हलकी दांडी, तिच्यापुढे कठीण लाकडाचा तुकडा आणि टोकाला अणकुचीदार अग्र असे. वजन पुढे राहिल्यामुळे बिनपिसांचा बाणही जवळच्या पल्ल्यात सरळ जाई.

रानडुकराच्या बाणाला मात्र लोखंडाचे रुंद पाते लागे. रुंद पाते मोठी जखम करते, पण हवेत वाराही धरते आणि आत शिरताना अधिक अडते. त्यामुळे ते जवळूनच मारावे लागते. या बाणाची खरी करामत पात्याच्या मागे होती. पाते आणि त्यामागचे उलटे काटे एका आखूड लाकडी तुकड्यावर बसवलेले असत. तो तुकडा दांडीच्या टोकाच्या खोबणीत नुसता अडकवलेला असे, आणि वनस्पतीच्या तंतूंची एक मजबूत दोरी दोहोंना जोडी. बाण लागताच डुक्कर उसळून पळे; पाते अंगात राही, दांडी खोबणीतून सुटे आणि दोरीला लोंबत मागे फरफटत जाई. थोड्याच अंतरावर ती झाडोऱ्यात आडवी अडके. डुक्कर जागीच खिळे, आणि शिकारी त्याला गाठत.

असा बाण तयार करण्यास कष्ट फार पडत. लोखंड बेटावर निघत नसे. 1858 मध्ये इंग्रजांची वसाहत होण्यापूर्वी ते मुख्यतः फुटलेल्या जहाजांतून मिळे. ते तापवून घडवण्याची विद्या या लोकांना ठाऊक नव्हती. थंड पत्रा ठोकून आणि दगडावर घासूनच ते पात्याला धार आणीत. डुक्कर निसटले, तर त्याच्याबरोबर हे पातेही जाई.