सीट उचलल्यावर

मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढे ऑम्नी झाली आणि २०१९ मध्ये बंद पडली. २०१० पासूनची ईको तिची धाकटी बहीण. दोघींचं इंजिन पुढच्या सीटांखाली. दिल्लीतल्या मयूर विहार फेज वनमध्ये आमच्या ईकोची किरकोळ वायरिंग मीच बघतो. त्यातून जे कळलं ते असं.

१. भाग शोधत बसू नये, त्याचं काम कुठे चालतं ते बघावं. पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर गरम पाण्यातच बुडलेला असणार, म्हणून थर्मोस्टॅटच्या आसपास बघायचं. ऑइलचा दाब सांगणारा स्विच ब्लॉकवर, जिथून दाबाखालचं ऑइल जातं तिथे. क्रँकचा सेन्सर फिरत्या दातांसमोर. ऑक्सिजन सेन्सर धुराच्या पाइपात आटे पिळून बसवलेला. एवढं डोक्यात बसलं की चित्रांचं पुस्तक घरी राहिलं तरी अडत नाही.

२. ‘सेन्सर गया’ हे निदान नव्हे. दिल्लीत रस्त्याकडेचा मिस्त्री बॅटरी न तपासताच हे वाक्य टाकतो. तापमानाचा सेन्सर मल्टिमीटरवर मिनिटभरात कळतो: साधारण २० अंशांना दोन-अडीच किलोओहम, ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास. आकडा गरमीबरोबर सरळ उतरत गेला तर सेन्सर शाबूत आहे. मग प्लग काढून आतल्या पिनांवरचा हिरवा गंज बघावा. बहुतेक वेळा रोग तिथेच असतो.

३. गिअरबॉक्ससाठी गाडीखालीच जावं लागतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीच नाही, स्टँड हवेत. तिथे मुख्यतः दोन गोष्टी बघायच्या, रिव्हर्सचा स्विच आणि वेगाचा सेन्सर. मागचे पांढरे दिवे लागत नसतील तर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चावी ऑन. स्विचचा प्लग काढून गाडीकडून येणाऱ्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्यात. दिवे लागले तर स्विच गेला, नाही लागले तर फ्यूज, बल्ब किंवा वायर.

४. अर्थिंग. जुलै २०२३ मध्ये यमुना २०८.६६ मीटरवर गेली तेव्हा नदीकाठच्या खादरमधली कुटुंबं मयूर विहारच्या रस्त्याकडेला तंबूंत राहिली. त्यांच्यापुढे गाडीचं रडगाणं गाऊ नये. पण तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर इंजिन-गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी आधी बघावी. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मीटर लावायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवला तर बोल्ट सोडून, घासून पुन्हा घट्ट करायचा. सेल्फ कण्हतोय म्हणून नवी बॅटरी घेणाऱ्यांनी हे आधी करून बघावं.

५. मे महिन्यात हे सगळं सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. सीटखालचं लोखंड तापल्यावर हात घालण्यात शौर्य नाही. प्लग काढण्याआधी फोनवर फोटो काढावा आणि वायर ओढू नये, खटका दाबावा.

६. नवा भाग घ्यायला काश्मिरी गेटच्या बाजारात जाताना जुना भाग खिशात हवा, सोबत चॅसिस नंबर. गाडी घरी ठेवावी; मेट्रोने राजीव चौकला पिवळी लाइन धरली की झालं. पिनांची संख्या आणि खटक्याची बाजू काउंटरवरच जुळवून घ्यावी, कारण पाकीट फाडल्यावर दुकानदार परत घेत नाही.